परसातली ठिपकेदार पिल्लं

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिना राज्यात, रॅलेजवळ आमचं घर आहे. परसात लोखंडी खांबावर एक लाकडी पेटी आहे आणि गेली आठ वर्षं दर वसंतात ईस्टर्न ब्लूबर्डची जोडी तिच्यात संसार थाटते. इथे नव्याने राहायला आलेली मराठी मंडळी, उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आईवडील, सगळे खिडकीशी उभे राहून तेच तीन प्रश्न विचारतात: पेटी कशी लावायची, पिल्लं बाहेर कधी येतात आणि फोटो कसा काढायचा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी नेहमी शेवटी देते. पिल्लू आज कितव्या दिवसाचं आहे हे ज्याला सांगता येतं, त्यालाच कॅमेरा कधी उचलायचा आणि कधी खाली ठेवायचा हे कळतं.

हा पक्षी कोण

ब्लूबर्डच्या जाती तीन: पूर्वेकडचा ईस्टर्न, पश्चिमेकडचा वेस्टर्न आणि पश्चिमेच्या उंच माळरानांवरचा माउंटन. निळं पाखरू म्हटलं की आपल्या लोकांना पहिल्यांदा नीलकंठ आठवतो, पण याचं गोत्र वेगळं. हा थ्रश कुळातला. सह्याद्रीतला नारिंगी डोक्याचा कस्तुर त्याचा भाऊबंद. अंगानं चिमणीहून जरासा मोठा, वजन साधारण ३० ग्रॅम. नराची पाठ गर्द निळी, छाती विटकरी, पोट पांढरं. मादी राखाडी, पंख आणि शेपटीत निळी झाक, छातीवर फिकट विटकरी रंग. न्यूयॉर्क आणि मिसूरी या दोन राज्यांनी ईस्टर्न ब्लूबर्डला राज्यपक्ष्याचा मान दिलेला आहे.

त्याच्या निळ्या रंगाची गोष्ट फोटो काढणाऱ्यानं आधीच समजून घ्यावी. या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच. पिसाच्या तंतूंची आतली सूक्ष्म घडण अशी असते, की तिच्यावर पडलेल्या उजेडातला निळा भाग परत फेकला जातो. त्यामुळे ऊन तुमच्या पाठीमागून पक्ष्यावर पडत असेल तर नर झळाळतो; तेच ऊन त्याच्या मागून आलं तर तोच नर पाटीसारखा करडा दिसतो. नवख्या माणसाला वाटतं आपला कॅमेरा बिघडला. पक्ष्याच्या कुठल्या बाजूला उभं राहायचं, एवढंच चुकलेलं असतं.

ढोली नाही, म्हणून पेटी

ब्लूबर्ड ढोलीत घरटं करतो, पण स्वतः ढोली कोरू शकत नाही. तेवढी ताकद त्याच्या चोचीत नाही. सुतार पक्ष्यानं कोरून सोडून दिलेली भोकं, वाळल्या झाडांच्या ढोल्या, शेताच्या कुंपणाचे कुजके लाकडी खांब, हीच त्याची घरं होती. विसाव्या शतकात ती भराभर कमी झाली. वाळकं झाड दिसलं की तोडायचं, लाकडी खांबाच्या जागी लोखंडी खांब रोवायचा, असंच सगळीकडे झालं. शेतात आणि बागांत कीटकनाशकं आली. उरलेल्या ढोल्यांवर दोन परदेशी पक्ष्यांनी हक्क सांगितला. १८५०च्या आसपास ब्रुकलिनमध्ये युरोपातून आणलेल्या चिमण्या सोडल्या गेल्या आणि १८९० साली न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये स्टारलिंग सोडले गेले. स्टारलिंग म्हणजे आपल्या साळुंकीच्याच कुळातला पक्षी, आणि ढोलीसाठी तितकाच भांडखोर.

ब्लूबर्ड वाचला तो सामान्य माणसांच्या सुतारकामामुळे. इलिनॉयमधल्या क्विन्सीचे टी. ई. मसलमन यांनी १९३०च्या दशकात रस्त्याकडेला ओळीनं पेट्या लावायला सुरुवात केली. अशा ओळीला इथे ‘ब्लूबर्ड ट्रेल’ म्हणतात. मेरीलँडचे लॉरेन्स झेलेनी यांनी निवृत्तीनंतर याच कामाला वाहून घेतलं. १९७६ साली त्यांनी ब्लूबर्डवर पुस्तक लिहिलं आणि १९७८ साली ‘नॉर्थ अमेरिकन ब्लूबर्ड सोसायटी’ उभी राहिली. आमच्याच राज्यात बेली गावच्या जॅक फिंच या शेतकऱ्यानं हजारो पेट्या बनवून लोकांपर्यंत पोचवल्या. १९६६पासून दरवर्षी होणाऱ्या पक्षिगणनेत ईस्टर्न ब्लूबर्डची संख्या वाढत गेलेली दिसते. एवढ्या मोठ्या भूभागावर एका पक्ष्याला हातोडी-खिळ्यांनी सावरून धरलं, याचं मला दर वसंतात नव्यानं अप्रूप वाटतं.

चिमणीचा पेच

माझं माहेर नाशिकचं. आमच्या घरात तसबिरीमागे चिमणीचं घरटं असायचं आणि अंडी असेपर्यंत आजी त्या भिंतीवर झाडू फिरवू देत नसे. चिऊताईच्या मेणाच्या घराची गोष्ट ऐकत वाढलेल्या माणसाला चिमणीला घरातून हाकलणं म्हणजे काय, हे सांगायला नको. पुढे नाशिकच्याच मोहम्मद दिलावर यांनी चिमण्यांसाठी घरटी बसवण्याचं काम सुरू केलं आणि २०१०पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जाऊ लागला. तिकडे आपण जिच्यासाठी लाकडी खोकी टांगतो, तीच चिमणी इथे पेटीत शिरून ब्लूबर्डची अंडी फोडते, पिल्लांना टोचून मारते, कधी घरट्यावर बसलेल्या मादीलाही मारते. मी हे माझ्या पेटीत पाहिलं आहे. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

चिमणीचा यात दोष नाही. तिला समुद्रापार माणसानंच आणलं. पण माणसानं आणलेल्या पाखराची किंमत इथल्या पाखरानं का द्यावी? म्हणून मी बाजू घेते, आणि ती ब्लूबर्डची घेते. परसातल्या दाणापात्रात बाजरीसारखं बारीक धान्य ठेवत नाही, कारण चिमण्या त्यावरच जमतात. पेटीत चिमणीनं गवत-चिंध्या आणून टाकायला सुरुवात केली की अंडी येण्याआधीच ते काढून टाकते, दुसऱ्या दिवशी पुन्हा काढते, ती कंटाळेपर्यंत काढत राहते. ब्लूबर्डच्या मादीनं पहिलं अंडं घातलं की पेटीच्या छपरावर चकचकीत पट्ट्या लावते. त्या वाऱ्यानं हलून छपरावर घासतात. ब्लूबर्ड थोड्याच वेळात त्यांना सरावतो, चिमणी बहुधा फिरकत नाही. पट्ट्या अंड्याच्या आधी लावल्या तर मात्र ब्लूबर्डच निघून जाण्याची भीती असते. इथला १९१८चा स्थलांतरित पक्षी संरक्षण कायदा बाहेरून आलेल्या चिमणीला आणि स्टारलिंगला लागू नाही; ब्लूबर्डला पूर्ण लागू आहे. त्याचं अंडं, घरटं, अगदी गळून पडलेलं पीस घरात ठेवणंही या कायद्यात बसत नाही. पीस उचलून वहीत ठेवायची सवय असलेल्या मुलांना हे आधीच सांगून ठेवावं.

पेटी कशी असावी, कुठे असावी

ईस्टर्न ब्लूबर्डच्या पेटीचं भोक दीड इंचाचं, म्हणजे ३८ मिलिमीटर. त्यातून स्टारलिंग शिरू शकत नाही. चिमणी शिरते, त्याला इलाज नाही. आतला तळ चार ते पाच इंच चौरस. लाकूड देवदार किंवा पाइनचं, आतून बिनरंगाचं, रसायन न लावलेलं. छप्पर पुढे आलेलं, वर हवेसाठी फट, तळाला पाणी निचरायला छिद्रं, आणि पाहणीसाठी उघडणारी एक बाजू. भोकाखाली बसायला दांडी लावलेल्या पेट्या दुकानात दिसतात. त्या घेऊ नयेत. ब्लूबर्डला दांडी लागत नाही, तिचा उपयोग चिमणीला आणि शिकाऱ्यालाच होतो.

जागा मोकळी हवी: समोर कापलेलं गवत, पंचवीस-तीस मीटरवर एखादं झाड किंवा कुंपण, म्हणजे पिल्लांना पहिल्या झेपेला ठिकाण मिळतं. पेटीची उंची साधारण पाच फूट. तोंड पूर्वेकडे असलं तर दुपारच्या उन्हानं ती तापत नाही. दोन ब्लूबर्ड जोड्या एकमेकींना जवळ खपवून घेत नाहीत, म्हणून दुसरी पेटी लावायचीच तर शंभर यार्डांच्या पलीकडे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पेटी झाडावर ठोकू नका. पहिल्या वर्षी मी ती ओकच्या झाडावर लावली होती, कारण ती तिथे शोभून दिसत होती. एप्रिलच्या अखेरीला पेटीत सहा दिवसांची चार पिल्लं होती. संध्याकाळी आईबाप तारेवर बसून एकसारखे ओरडत होते. मी गेले तेव्हा पेटीत काळा रॅट स्नेक वेटोळं घालून बसला होता आणि त्याच्या अंगावर चार फुगवटे होते. साप बिनविषारी, आपलं पोट भरायला आलेला. जिना मी लावून दिला होता. त्याच आठवड्यात गुळगुळीत लोखंडी खांब आणला आणि त्यावर पेटीच्या खाली पत्र्याचं रुंद नळकांडं बसवलं: आठ इंच व्यासाचं, दोन फुटांहून लांब, वरून बंद. साप आणि रॅकून त्याच्या आत चढतात आणि तिथेच अडकून परत फिरतात. त्यानंतर माझ्या पेटीतलं एकही पिल्लू सापानं नेलेलं नाही.

अंड्यापासून पिसांपर्यंत

आमच्याकडे फेब्रुवारीच्या शेवटीच नर पेटीवर बसून हलक्या, गोलसर आवाजात गाऊ लागतो. घरटं मादी बांधते. या भागात पाइनची झाडं भरपूर, त्यामुळे ते बहुतेक पाइनच्या सुयांचं असतं; वरचा थर मऊ गवताचा. मग रोज सकाळी एक याप्रमाणे चार-पाच अंडी येतात. रंग फिकट निळा. क्वचित एखादी मादी पांढरीशुभ्र अंडी घालते आणि तीही तितकीच सकस असतात. सगळी अंडी झाल्यावरच ती उबवायला बसते, म्हणून पिल्लं जवळजवळ एकाच दिवशी बाहेर येतात. उबवण्याचे दिवस बारा ते चौदा. नर या काळात तिला खाऊ आणून देतो, राखण करतो, पण अंड्यांवर बसत नाही.

पहिल्या दिवशीचं पिल्लू म्हणजे गुलाबी कातडं, मिटलेले डोळे आणि डोक्या-पाठीवर करड्या लवेचे चार झुबके. पेटीवर जरा सावली पडली की चार पिवळ्या चोची एकदम वर उघडतात. सहा-सात दिवसांनी डोळ्यांच्या फटी उघडू लागतात आणि पंखांवर काळसर सुया दिसतात. ती नळीत गुंडाळलेली पिसं. नऊ-दहा दिवसांच्या सुमाराला या नळ्या टोकाकडून फुटतात आणि एका रात्रीत जणू पंखांना निळी किनार लागते. बाराव्या दिवसाला ही निळाई इतकी स्पष्ट होते की गडद निळ्या पंखांचा तो नर आणि करड्या-निळ्या पंखांची ती मादी, असं सरावलेल्या डोळ्याला ओळखता येतं.

आईबाप दोघंही दिवसभर भरवतात: सुरवंट, नाकतोडे, रातकिडे, कोळी, भुंगे. परत जाताना चोचीत एक पांढरी पिशवी असते. पिल्लाची विष्ठा अशा चिवट आवरणात गुंडाळूनच येते आणि आईबाप ती लांब नेऊन टाकतात. आईला (माझ्या आईला) हे फार आवडलं. लंगोट धुवायची कटकट नाही, असं ती चार दिवस सगळ्यांना फोनवर सांगत होती.

बारशापर्यंतच दार उघडायचं

पेटी उघडून पाहिलं तर आईबाप पिल्लं टाकून देतील, अशी भीती पुष्कळांना असते. तसं होत नाही. माणसाच्या स्पर्शाच्या वासामुळे पक्षी पिल्लू टाकतो, हा समज खोटा आहे. आठवड्यातून एकदा-दोनदा पाहणी करायला हरकत नाही, उलट ती करावी. मुंग्या, पिल्लांचं रक्त शोषणाऱ्या माश्यांच्या अळ्या, चिमणीची घुसखोरी वेळेत कळते. आधी पेटीवर हलकेच टकटक करायची, मादी आत असेल तर तिला निघू द्यायचं, दार उघडायचं, पाहायचं, मिटायचं. एका मिनिटाच्या आत. गारठ्यात आणि पावसात उघडायची नाही, अंडी घालण्याच्या दिवसांत भल्या सकाळी उघडायची नाही. फोननं एखादा फोटो घ्यायचा असेल तर फ्लॅश बंद करून, हात पेटीबाहेर ठेवून.

पण बाराव्या दिवसानंतर दार बंद. या वयात पिल्लांना पिसं आलेली असतात, भीती कळू लागलेली असते आणि उडता मात्र येत नसतं. दार उघडलं तर ती घाबरून बाहेर उड्या टाकतात. परत आत ठेवली तरी एकदा बाहेर पडलेलं पिल्लू आत थांबेलच असं नाही, आणि गवतातल्या पहिल्याच रात्री ते मांजराच्या तोंडी जातं. आई म्हणाली, म्हणजे बारशापर्यंत भेटायला जायचं, मग नाही. तेव्हापासून आमच्या कॅलेंडरवर त्या तारखेपुढे ‘बारसं’ असंच लिहिलेलं असतं. हौशी फोटोग्राफरचा हात नेमका याच दिवसांत शिवशिवतो, कारण पिल्लं आता देखणी झालेली असतात. तो आवरला पाहिजे. पेटीच्या आतलं चित्र हवंच असेल तर हिवाळ्यात, घरटं सुरू होण्याआधी, छताला लहानसा कॅमेरा बसवून ठेवावा. मग घरात बसून काय हवं ते बघा.

पेटी सोडण्याची सकाळ

साधारण सतराव्या ते एकोणिसाव्या दिवशी ती वेळ येते. दोन दिवस आधीपासून भोकातून एक डोकं बाहेर दिसू लागतं. आधी नुसतं पाहणं, मग मान बाहेर, मग खांदे. आईबाप खाऊ आणतात, पण लगेच देत नाहीत. समोरच्या फांदीवर चोचीत किडा धरून बसतात आणि मंद, ओढ लावणारी साद घालतात. आतून उत्तर येतं. तासभर हे चालतं. मग पिल्लू भोकाच्या कडेवर पाय रोवतं आणि निघतं.

पहिली झेप मी पाहिली तेव्हा मला वाटलं होतं ते धडपडेल, गवतात कोसळेल. ते सरळ, किंचित चढत्या रेषेत, तीस मीटरवरच्या डॉगवूडच्या झाडाकडे गेलं. आयुष्यात कधी पंख पूर्ण पसरायला जागा मिळाली नव्हती, आणि तरी पोचलं. उतरणं मात्र जमलं नाही. पानांत घुसून, लटकून, कसंबसं सावरलं. पाठोपाठ दुसरं गेलं. बहुतेक वेळा दोन तासांत पेटी रिकामी होते. एखादं भित्रं पिल्लू दुसऱ्या दिवसापर्यंत रेंगाळतं. बाहेर पडलेलं पिल्लू पेटीत परत येत नाही.

यानंतर आठ-दहा दिवस निराशेचे. आईबाप पिल्लांना उंच, दाट पानांत नेऊन ठेवतात. खाली नुसते आवाज येतात. इथे पुष्कळ जण समजतात की संपलं. थांबावं. पिल्लांच्या पंखांत बळ आलं की सगळं कुटुंब पुन्हा गवतावर उतरतं. पेटी सोडल्यानंतरचा दुसरा ते चौथा आठवडा हा पिल्लं पाहण्याचा खरा हंगाम. तोवर मादी बहुधा दुसऱ्या अंड्यांच्या तयारीला लागलेली असते आणि या पिल्लांची जबाबदारी एकट्या बापावर येते. तीन-चार पिल्लं कुंपणावर ओळीनं बसलेली, पंख थरथरवत, आणि बाप एकेकाच्या तोंडात नाकतोडा कोंबतो आहे, असं दृश्य तुमच्या परसात रोज दिसू लागतं. कधी पहिल्या वेताची मोठी भावंडं दुसऱ्या वेताच्या पिल्लांना भरवतात. मी हे एकदाच पाहिलं, २०२१च्या जूनमध्ये. ठिपकेदार छातीचं पोर सुरवंट घेऊन पेटीच्या भोकाशी आलं, आतल्या चोचीत तो ठेवला आणि जागेवरच बसून राहिलं.

ठिपके कशासाठी

बाहेर पडलेलं पिल्लू निळं असेल अशी अपेक्षा असते. दिसतं ते करडं-तपकिरी, छातीवर खवल्यांसारखे पांढरट ठिपके, पाठीवरही बारीक ठिपके, डोळ्याभोवती पांढरं वलय. निळाई फक्त पंखांत आणि शेपटीत. हे ठिपके थ्रश कुळाची खूण आहेत. मोठेपणी ब्लूबर्ड ते टाकून देतो, लहानपणी मात्र ल्यालेले असतात. पानांतून झिरपणाऱ्या उजेडात असं पिल्लू स्थिर बसलं तर माझ्यासारखी, ते तिथेच आहे हे माहीत असलेली बाईसुद्धा त्याला शोधत राहते. ससाण्यापासून आणि मांजरापासून एवढंच त्याचं संरक्षण.

कॅमेरा

सगळ्यात चांगली लपण घरातच असते: खिडकी. खोलीतला दिवा बंद करा, काच सरकवा, लेन्स पडद्याच्या फटीतून बाहेर काढा. चारशे मिलिमीटरची लेन्स असेल तर दहा-बारा मीटरवरून पिल्लू चौकटीत छान बसतं. तेवढी लेन्स नसली तरी थांबू नका. आमच्या शेजारची अकरा वर्षांची मुलगी दुर्बिणीच्या भिंगाला फोन टेकवून फोटो घेते आणि ते बघण्यासारखे असतात.

पक्ष्याच्या मागे धावण्यापेक्षा त्याला बसायला जागा द्यावी. ब्लूबर्ड उंचावर बसून गवतातला किडा हेरतो. पंधरा-अठरा मीटरवरचा बारीक जीवही त्याला दिसतो, आणि तिथून तो अलगद खाली झेपावतो. म्हणून गवतात एक खरबरीत वाळकी फांदी रोवली, खिडकीपासून पाच-सहा मीटरवर, पेटीपासून दूर, की ती दोन दिवसांत त्यांची होते. तिच्या मागे लांबवर एकसारखी हिरवी झुडपं असतील तर पाठभूमी आपोआप मऊ येते. दुसरी जागा पाण्याची. दोन इंचांहून कमी खोल पसरट भांडं, तळाशी खडबडीत दगड. ब्लूबर्डची पिल्लं आंघोळीला वेडी असतात. जुलैच्या दुपारी चारही जणं एका भांड्यात शिरतात तेव्हा गुडघ्यांवर बसून, त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवरून फोटो घ्यावा. उभ्यानं वरून घेतलेल्या फोटोत पक्षी नुसता गवतावरचा डाग होतो.

उजेड सकाळी नऊपर्यंतचा किंवा संध्याकाळचा. मला स्वतःला पातळ ढगांचा दिवस जास्त आवडतो, कारण कडक उन्हात छातीचे पांढरे ठिपके जळून जातात आणि पिसांचा पोत हरवतो. ऊन असेलच तर एक्स्पोजर थोडं कमी ठेवा. बसलेल्या पिल्लाला एक-पाचशेअंश सेकंद पुरतो. भरवण्याचा क्षण हवा असेल तर एक-सोळाशेअंश किंवा त्याहून कमी वेळ लागतो, आणि त्यासाठी आयएसओ १६०० किंवा ३२०० पर्यंत चढवायला घाबरू नये; दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. दोन पिल्लं शेजारी बसली असतील तर छिद्र एफ ७.१च्या आसपास, म्हणजे दोघांचेही डोळे स्पष्ट येतात. नजर जवळच्या डोळ्यावर रोखा. कॅमेऱ्यात मूक शटर असेल तर तेच वापरा.

काही गोष्टी मी करत नाही आणि दुसऱ्यालाही माझ्या परसात करू देत नाही. पिल्लांवर फ्लॅश नाही. जवळ बोलावण्यासाठी फोनवर पक्ष्याचा आवाज लावणं नाही. आड येणारी फांदी छाटणं नाही. ती फांदी पिल्लांची सावली आणि पडदा असते. खायला मीलवर्म म्हणून मिळणाऱ्या अळ्या मी थंडीच्या लाटेत ठेवते, एरवी क्वचित, आणि मूठभर कधीच नाही. त्यांत चुना फार कमी असतो आणि वाढत्या हाडांना तो लागतो. सुरवंटांनी भरलेलं, औषध न मारलेलं गवत यापेक्षा चांगला खाऊ बाजारात मिळत नाही.

आपण फार जवळ आलो आहोत हे पक्षी सांगतो. चोचीत किडा धरून बाप तारेवर बसला आहे, खाली येत नाही, पंख झटकतो आहे, मधूनमधून तुटक आवाज काढतो आहे, तर तो तुम्ही जाण्याची वाट पाहतो आहे. त्या वेळी कितीही सुंदर उजेड असो, उठून मागे जावं. आत कुणीतरी उपाशी आहे. एकदा ओल्या मे महिन्यात मी असाच कॅमेरा खाली ठेवून घरात आले, आणि दहाच मिनिटांत खिडकीतून, ओघळत्या काचेमागून, मला बापलेकांचा तो फोटो मिळाला जो आज आईच्या नाशिकच्या दिवाणखान्यात आहे.

पिल्लू जमिनीवर दिसलं तर

पिसं नसलेलं असेल तर उचलून पेटीत ठेवावं, आईबाप भरवतात. पिसं आलेलं, शेपटी आखूड असलेलं पिल्लू असेल तर ते हरवलेलं नसतं. जवळच्या झुडपावर किंवा फांदीवर ठेवून आपण लांब व्हावं. आणि ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी या तीन-चार आठवड्यांत ते घरातच ठेवावं. पहिलं वर्ष पार न करणारी पिल्लंच जास्त असतात. त्यांत आपल्या मांजराची भर नको.

उन्हाळा सरताना

पिल्लं गेली की जुनं घरटं काढून पेटी साफ करावी. आमच्याकडे जुलै-ऑगस्टपर्यंत दोन, कधी तीन वेतं होतात. मग पिसं बदलण्याचा काळ येतो आणि तो फोटोसाठी फार कमी जण वापरतात. ऑगस्टच्या शेवटापासून ठिपके एकेक करून गळतात, त्यांच्या जागी विटकरी आणि निळी पिसं येतात. काही आठवडे पिल्लू अर्धं लहान, अर्धं मोठं दिसतं. किडे कमी झाले की हीच मंडळी थव्यानं डॉगवूडच्या आणि हॉलीच्या लाल फळांवर येतात, आणि कडाक्याच्या रात्री पाच-सहा जणं एकाच पेटीत एकमेकांना बिलगून झोपतात. म्हणून मी पेटी हिवाळ्यातही उतरवत नाही.

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीला सकाळी चहा घेऊन खिडकीशी आले. पेटीच्या छपरावर त्याच वर्षीचा एक नर बसला होता. डोकं निळं झालेलं, छातीच्या डाव्या बाजूला अजून सात-आठ ठिपके. तो खाली वाकला, भोकाच्या कडेला पायांनी धरून लटकला, आणि बराच वेळ आत बघत राहिला.